पाहुण्यांपुढचे नृत्य : मादाम मेनका आणि १९३६चे बर्लिन

‘बॅले’ हा शब्द आपण मराठीत फार सैल हाताने वापरतो. गणेशोत्सवात दहाबारा मुलामुलींनी एकसारखे कपडे घालून एखादी पौराणिक कथा नाचून दाखवली, की कार्यक्रमपत्रिकेवर ‘बॅले’ छापलेच म्हणून समजा. मूळ शब्दाला इटलीच्या दरबारांचा, फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा आणि पुढे रशियाच्या झारशाही नाट्यगृहांचा इतिहास आहे, याची आपल्याला खबर नसते. आणि खरे सांगायचे तर त्यावाचून आपले काही अडतही नाही. माझेही आजवर अडले नव्हते. मी नर्तक नव्हे. ताई कथक शिकते आणि तिच्या रियाजाला मी पेटीवर लेहरा धरतो, एवढाच माझा नृत्याशी संबंध. सोळा मात्रांची एकच ओळ तासन्‌तास वाजवत राहायची आणि समेवर मान वर करून पाहायचे, की आपण आणि ती एकाच ठिकाणी पोचलो की नाही.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात कोरियातून काही विद्यार्थी पाहुणे म्हणून यायचे ठरले. सांस्कृतिक देवाणघेवाणीचा कार्यक्रम. ताईच्या गटाला निरोप आला : कथक बसवा, वेळ चार मिनिटे, शक्यतो द्रुत लयीत, चकरा भरपूर असाव्यात, पाहुण्यांना कंटाळा येता कामा नये. ताई संतापली. “चार मिनिटांत मी काय दाखवू? मी नाचते हे, की मला नाचता येतं हे?” त्या प्रश्नाने मला या अभ्यासाकडे ढकलले. परक्या प्रेक्षकांपुढे आपले नृत्य न्यायचे तर त्यातले काय ठेवायचे, काय कापायचे, आणि कापल्यानंतर उरते ते आपले असते काय? हा प्रश्न आधी कोणाला तरी पडला असणारच, असे वाटून मी शोधू लागलो.

सुरुवात पाहुण्यांपासून केली. आमच्या सरांनी सुचवले म्हणून कोरियन बॅले कंपन्यांच्या ‘गाला’ प्रयोगांची चित्रणे पाहिली. मांजरीत रात्रीच्या गाड्यांचा आवाज खिडकीतून येत असतो. त्या आवाजात मोबाइलच्या हातभर नसलेल्या पडद्यावर मी सोलचे भव्य रंगमंच पाहिले. गाला म्हणजे काय हे मराठी रसिकाला समजावणे अवघड नाही. आपल्याकडे एखाद्या नटाच्या पुण्यतिथीला ‘मानापमान’चा एक प्रवेश, ‘सौभद्र’चा एक, ‘संशयकल्लोळ’चा एक असे निवडक प्रवेश होतात ना, तसेच हे. निरनिराळ्या बॅलेंमधले गाजलेले तुकडे, बहुधा स्त्री-पुरुषांचे जोडनृत्य, एकामागून एक. गावोगावचे, देशोदेशीचे कलावंत बोलावता येतात, नेपथ्य फारसे लागत नाही, आणि पाहुण्यांना कथा ठाऊक नसली तरी चालते. म्हणूनच देवाणघेवाणीच्या समारंभांना हा प्रकार मानवतो. (जाता जाता : बॅलेतल्या एका चपळ उडीचे नाव ‘पा द शा’ आहे, म्हणजे मांजरीचे पाऊल. हे कळल्यापासून आमच्या गावाच्या नावाला हसणाऱ्या मित्रांना मी हीच माहिती ऐकवतो.)

कोरियाचा बॅले वयाने लहान आहे. त्यांचे नॅशनल बॅले १९६२ सालचे, आणि ‘युनिव्हर्सल बॅले’ ही दुसरी मोठी कंपनी १९८४ सालची. पण या दुसऱ्या कंपनीने १९८६ साली जे केले ते विचार करण्यासारखे आहे. त्यांनी ‘शिम चुंग’ ही आपली घरची कथा बॅलेत बसवली. आंधळ्या बापाला दृष्टी यावी म्हणून तीनशे पोती तांदळाच्या मोबदल्यात समुद्राला बळी जायला निघालेली मुलगी, समुद्राच्या राजाने तिला परत पाठवणे, तिचे राणी होणे, आणि तिने घातलेल्या आंधळ्यांच्या जेवणावळीत बापाची आणि तिची भेट. ही कथा कोरियात ‘पान्सोरी’ नावाच्या गायनप्रकारात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. एक गायक, एक ढोलकवाला, आणि तासन्‌तास चालणारे आख्यान. आपल्या कीर्तनाच्या जवळचे वाटावे असे. ती कथा त्यांनी पायाच्या टोकावर उभी केली. म्हणजे गोष्ट आपली, अंग परक्याचे.

याच कंपन्या ‘ला बायादेर’ही करतात. ‘बायादेर’ म्हणजे देवळातली नर्तकी. मारियुस पेतिपा याने १८७७ साली सेंट पीटर्सबर्गला बसवलेला हा बॅले भारतात घडतो : निकिया नावाची देवदासी, सोलोर नावाचा योद्धा, एक राजा, एक ब्राह्मण, एक साप. त्यातला सावल्यांचा प्रवेश, पांढऱ्या वेषातल्या नर्तकी एकामागून एक उतारावरून खाली येतात तो, खरोखर डोळ्यांचे पारणे फेडतो. पण त्यात भारत कुठे आहे हे मला दोनदा पाहूनही सापडले नाही. विचार करा : सोलच्या रंगमंचावर कोरियन मुली रशियातल्या एका फ्रेंच माणसाने कल्पिलेला भारत नाचतात, आणि तो मी मांजरीत बसून पाहतो! देवाणघेवाण म्हणतात ती ही असेल तर तिचा रस्ता फार वळणांचा आहे.

वास्तविक युरोपने खऱ्या भारतीय नर्तकी पाहिल्या होत्या. १८३८ साली पुदुच्चेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमहून पाच नर्तकी आणि तीन वादक अशी मंडळी पॅरिसला आणि लंडनला नेण्यात आली. त्यांच्यातल्या अम्मनी नावाच्या मुलीवर तेओफिल गोतिये हा फ्रेंच लेखक बेहद्द खूश झाला. ‘जिझेल’ या प्रसिद्ध बॅलेची कथा याचीच, आणि पुढे १८५८ साली त्यानेच पॅरिसच्या ऑपेरासाठी ‘शकुंतला’ बॅलेची संहिता लिहिली. तो बसवला पेतिपाच्याच भावाने. म्हणजे भारतीय नर्तकी आल्या, पाहिल्या गेल्या, आणि नंतर युरोपने त्यांच्यावाचूनच आपापला भारत रचला. शंभर वर्षे हे असे चालले होते. या पार्श्वभूमीवर मादाम मेनका यांचा विचार केला पाहिजे.

मेनका हे रंगमंचावरचे नाव. मूळ नाव लीला रॉय. जन्म १८९९ साली आजच्या बांगलादेशातल्या बारिसालचा; वडील बंगाली बॅरिस्टर, आई इंग्रज. शिक्षण काही काळ इंग्लंडमध्ये, तेही व्हायोलिनचे. लग्नानंतर त्या मुंबईच्या झाल्या. पती डॉ. साहिबसिंग सोखी हे १९३२ साली परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. लशी तयार करणाऱ्या गावात राहणाऱ्या मला हा धागा उगीचच आवडला : प्लेगच्या लशीसाठी नावाजलेल्या संस्थेच्या प्रमुखाची पत्नी घुंगरू बांधून कथक शिकत होती! त्या काळी आपल्या पांढरपेशा समाजात ही गोष्ट साधी नव्हती. कथकचे घर एकीकडे लखनौच्या ब्राह्मण गुरूंकडे होते आणि दुसरीकडे तवायफांच्या कोठ्यांवर. सभ्य घरातल्या बाईने नाचणे म्हणजे काय, हे सांगायला नको. मेनकांनी पंडित सीताराम प्रसाद, अच्छन महाराज, लच्छू महाराज अशा गुरूंकडे रीतसर शिक्षण घेतले. रशियन नर्तिका आना पावलोवा हिने त्यांना उत्तेजन दिले होते. याच पावलोवाने १९२३ साली लंडनला उदय शंकर यांना बरोबर घेऊन भारतीय विषयांवरची नृत्ये केली, आणि रुक्मिणीदेवींनाही आपल्याच देशाच्या नृत्याकडे पाहायला सांगितले. परक्या बाईने आपल्याला आपले घर दाखवावे, हा या क्षेत्रातला एक चमत्कारिक योग आहे.

मेनकांनी नेमके काय केले, हे समजायला कथकची मैफल डोळ्यांपुढे आणावी लागते. मैफलीत नर्तक एकटा असतो. समोर जाणते लोक बसलेले असतात, हाताच्या अंतरावर. थाट, आमद, तोडे, परण, गत, ठुमरीवरचा भाव; किती वेळ काय करायचे हे आधी ठरलेले नसते. एखाद्या तिहाईला दाद मिळाली तर तीच वळवून पुन्हा. तबलजीशी चुरस लागली तर अर्धा तास नुसता तत्कार. प्रेक्षकाची ‘वाह’ हा त्या नृत्याचा भागच आहे. आता हेच नृत्य पडदा असलेल्या रंगमंचावर, हजार परक्या माणसांपुढे न्यायचे. ते दूर अंधारात बसणार, मध्ये हूं की चूं करणार नाहीत, शेवटी टाळ्या वाजवतील. ठुमरीचा शब्द त्यांना कळणार नाही. सम कुठे आली हेही कळणार नाही.

मेनकांनी यावर तीन-चार उपाय योजले. एकट्याचे नृत्य समूहाचे केले. तासाच्या वस्तूची काही मिनिटांची घट्ट रचना केली. तबला-सारंगीच्या जागी मोठा वाद्यवृंद आणला. आणि शब्दांवाचून कथा सांगायची ठरवले. ‘देवविजय नृत्य’, ‘मेनका लास्यम्’ या त्यांच्या रचना या मार्गाने झाल्या. कोरियाच्या ‘शिम चुंग’च्या नेमके उलट हे आहे. तिथे गोष्ट आपली आणि अंग परक्याचे; इथे अंग आपले, पदन्यास आपला, घुंगरू आपले, आणि घाट मात्र युरोपच्या संध्याकाळच्या नाट्यप्रयोगाचा. माझ्या मते दुसरा मार्ग जास्त कठीण. गोष्ट बदलली तरी नर्तकाचे पाय तेच काम करतात. पण घाट बदलला की पायांना नवा हिशेब शिकावा लागतो. मोकळेपणाने तिहाई घेणारा नर्तक इतर आठजणांबरोबर ठरल्या मात्रेवर ठरल्या जागी उभा राहू लागला, की त्याच्यातले काहीतरी जाते. ते जाते हे मान्य केले पाहिजे. मेनकांचे चाहते ते मान्य करत नाहीत, आणि परंपरेचे कैवारी त्यापलीकडचे काही पाहत नाहीत.

१९३६ साली हा संच युरोपला गेला. त्यात रामनारायण मिश्र हे प्रमुख नर्तक होते, सरोदवर लखनौचे सखावत हुसेन खाँ, तबल्यावर विष्णू शिरोडकर, संगीताची बाजू अंबिक मजुमदार यांच्याकडे. लेहरा धरणाऱ्याला वादकांची नावे आधी दिसतात, त्याला माझा इलाज नाही. जुलै १९३६ मध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा झाली. ऑलिंपिकच्या निमित्ताने, त्याच्या तोंडावर भरवलेली. त्या स्पर्धेत मेनकांच्या संचाने पारितोषिके मिळवली. आपल्याकडे १९३६चे बर्लिन म्हटले की ध्यानचंद आठवतात, १५ ऑगस्टचा अंतिम सामना आणि जर्मनीवरचा ८-१ असा विजय आठवतो. मराठी माणसाला फार तर हेही ठाऊक असते, की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीची प्रात्यक्षिके केली. त्याच उन्हाळ्यात त्याच शहरात कथकला बक्षीस मिळाले, हे आमच्या वर्गात मी विचारले तेव्हा एकालाही माहीत नव्हते. मलाही सहा महिन्यांपूर्वी नव्हते.

पण हे बक्षीस कोणाच्या घरचे? ही स्पर्धा नाझी सरकारच्या प्रचारखात्याच्या छत्राखाली भरली होती. अमेरिकेच्या मार्था ग्रॅहम हिला निमंत्रण गेले होते. जिथे इतक्या कलावंतांचा छळ झाला, त्यांचा काम करण्याचा हक्क काढून घेतला गेला, तिथे मी नाचणार नाही, अशा अर्थाचे उत्तर तिने पाठवले. आपल्या संचातल्या काही मुलींचे तिथे स्वागत होणार नाही हेही तिने लिहिले. त्या मुली ज्यू होत्या. स्पर्धेच्या आयोजनात ज्यांचा मोठा वाटा होता त्या रुडॉल्फ लाबान यांची स्वतःची भव्य रचना जूनमधल्या तालमीला गोबेल्सने पाहिली आणि बंद पाडली. लाबान पुढे इंग्लंडला निघून गेले. मेनका मात्र नाचल्या, आणि नंतरही जर्मनीत गावोगाव प्रयोग करत राहिल्या. त्यांनी जायला नको होते काय? सरांशी माझा यावर वाद झाला. ते म्हणाले, “पारतंत्र्यातल्या देशाच्या कलावंताला निवड किती असते, ते आधी पाहा.” मी म्हटले, “ग्रॅहमला जे दिसले ते दिसायला स्वातंत्र्य लागत नाही.” वाद मिटला नाही. मला अजूनही मेनकांबद्दल आदर वाटतो, आणि बर्लिनबद्दल अस्वस्थही वाटते, दोन्ही एकदमच.

सरांच्या म्हणण्यातले तथ्य मला वेगळ्याच वाटेने पटले, आणि ती वाट कोरियाहून आली. ९ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनची मॅरेथॉन शर्यत ज्याने जिंकली त्याचे नाव सोन की-जोंग. तो कोरियन होता. पण कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, म्हणून जपानच्या झेंड्याखाली, जपानी उच्चारातल्या नावाने तो धावला. पदक घेताना त्याने मान खाली घातली. कोरियातल्या ‘दोंग-आ इल्बो’ या वृत्तपत्राने छायाचित्रातला त्याच्या छातीवरचा जपानी झेंडा पुसून टाकला, आणि त्याबद्दल सरकारने ते पत्र काही महिने बंद ठेवले. आपला हॉकीसंघ तरी कोणाच्या झेंड्याखाली खेळला? अंतिम सामन्याआधी खेळाडूंनी कपडे बदलण्याच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा उलगडून त्याला वंदन केले, अशी आठवण ध्यानचंदांनी लिहून ठेवली आहे. कोरियाची थोर नर्तिका चोई सुंग-ही हीसुद्धा १९३८पासून अमेरिका आणि युरोपच्या दौऱ्यावर होती, जपानी उच्चारातल्या ‘साई शोकी’ या नावाने. झेंडा नसलेल्या देशाला जगापुढे आपण आहोत असे सांगायचे तर पाय आणि हातच उरतात. मेनकांच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘भारतीय’ हा शब्द होता, ‘ब्रिटिश’ नव्हता. तो शब्द स्वस्तात मिळालेला नव्हता, एवढे मी सरांना मान्य केले.

१९३८पर्यंत हा संच युरोपभर फिरला, शेकडो प्रयोग झाले. त्या दौऱ्याची वृत्तपत्रीय परीक्षणे, छायाचित्रे, जाहिराती अलीकडे युरोपातल्या अभ्यासकांनी शोधून एकत्र केली आहेत. आपल्याकडे आपण ते केले नाही. या काळातला एक प्रसंग मला बोलका वाटतो. रिखार्ड आइखबर्ग या जर्मन दिग्दर्शकाच्या १९३८च्या ‘एश्नापूरचा वाघ’ या चित्रपटात मेनकांचा संच दिसतो. पण चित्रपटातली ‘भारतीय नर्तकी’ कोण? ला याना नावाची, युरोपियन नटी! खरी नर्तकी मंडळी तिच्या आसपास. बक्षीस द्यायला तयार असलेल्या युरोपालाही गोष्टीच्या मध्यभागी आपलीच मुलगी हवी होती.

दौऱ्याहून परतल्यावर मेनकांनी खंडाळ्याला नृत्यालयम् ही शाळा चालवली. कथकबरोबर कथकली आणि मणिपुरीही तिथे शिकवत. पुढे त्यांनी ‘मालविकाग्निमित्र’ बॅलेत आणले. हे नाटक त्यांनी का निवडले असावे, याचा मी फार विचार केला. कालिदासाच्या या नाटकात नृत्याची स्पर्धाच आहे. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण हे ठरवण्यासाठी शिष्येला नाचायला लावतात, परिव्राजिका परीक्षक होते, आणि राजाला खरे तर स्पर्धेत रस नसून मालविकेला पाहायचे असते. परीक्षकांपुढे नाचणाऱ्या मुलीला नृत्यापलीकडच्या कोणत्या नजरा झेलाव्या लागतात, हे बर्लिन पाहून आलेल्या बाईंना कोणी सांगायला नको होते. शिवाय मालविका विदर्भाची. पण हा माझा तर्क, तो तर्क म्हणूनच घ्यावा.

१९४७च्या मे महिन्यात मेनका गेल्या. मागच्या पावसाळ्यात मी मांजरीहून लोकलने, मग लोणावळ्यापुढे पायी, असा खंडाळ्याला जाऊन आलो. ज्यांना ज्यांना नृत्यालयम्‌बद्दल विचारले त्यांनी मला चिक्कीचे दुकान दाखवले. असो. शाळा माणसांत राहते. दमयंती जोशी या मुंबईच्या मराठी मुलीला मेनकांनी आईच्या बरोबरीने वाढवले, संचात घेतले. १९६८ साली तिला संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक मिळाले, १९७० साली पद्मश्री, आणि आपल्या गुरूवर ‘मादाम मेनका’ हे पुस्तक तिनेच लिहिले. आणि पुण्यात, मेनका गेल्या त्याच वर्षी, रोहिणी भाटे यांनी नृत्यभारती सुरू केली. रोहिणीताईही लच्छू महाराजांच्याच शिष्या, पण त्यांचा मार्ग वेगळा. १९५२ साली भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळातून त्या चीनला जाऊन आल्या. इसाडोरा डंकनचे आत्मचरित्र त्यांनी ‘मी इसाडोरा’ या नावाने मराठीत आणले. जगाकडे त्यांनी पाठ फिरवली नव्हती. पण घाट बदलण्याऐवजी त्या कथकच्याच आत अधिक खोल गेल्या, बंदिशी रचत, ग्रंथ तपासत. ताईच्या बाई नृत्यभारतीच्या परंपरेतल्या, म्हणून माझा कल तिकडे झुकतो, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

हे सगळे मी ताईला सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे मेनकाबाईंनी कापलं, पण काय कापायचं ते स्वतः ठरवलं.” तिने कार्यक्रम पाहणाऱ्या बाईंकडे जाऊन आठ मिनिटे मागितली. सहा मिळाली. सहांतली तीन तिने विलंबित थाटाला दिली, जिथे नर्तकी जवळजवळ स्थिर असते, नुसता श्वास आणि मनगट हलते. चकरा शेवटी एकदाच. निवेदनात वादकांची नावे घ्यायला लावली. सभागृहात मागच्या रांगांत चुळबुळ झाली, ती मी पेटीवरून ऐकली.

कार्यक्रमानंतर एक कोरियन मुलगी माझ्याकडे आली आणि पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, “हे काय सारखे तेच तेच वाजत होते?” मी लेहरा पुन्हा वाजवला. तिने बोटांवर मोजले, सोळा. मग तिने मांडीवर हाताने ठोके दिले, पान्सोरीतला ‘चुंगमोरी’ म्हणून, बारा मात्रांचा, आणि नवव्या मात्रेवर जोराचा ठोका. मी म्हटले, आमचा एकताल बाराचाच, आणि नवव्या मात्रेवर त्यालाही टाळी आहे. तबलजी मित्राने डग्गा पुढे ओढला. सभागृह बंद करायला शिपाईमामा किल्ल्या वाजवत आले तेव्हा आमची चौथी आवर्तने चालू होती आणि ताई हिशेब चुकला म्हणून आम्हाला थांबवत होती.